‘द विकर मॅन’ : आधी कोणती आवृत्ती पाहावी?

रॉबिन हार्डी यांच्या 1973 सालच्या या ब्रिटिश भयपटाची आवृत्ती केवळ मिनिटांवरून ओळखू नका; पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी (फ्रेम) धावत असल्याने तीच आवृत्ती सुमारे चार टक्के लवकर संपते. त्याऐवजी नायक, पोलीस सार्जंट हॉवी, समरआइल बेटावर किती रात्री काढतो, ते पाहावे. मूळ प्रदर्शित, सुमारे 88 मिनिटांच्या आवृत्तीत सारे एकाच रात्रीत उरकते आणि खानावळवाल्याची मुलगी विलो हिचे नृत्य पहिल्याच रात्री येते. लांब आवृत्तीत ते दुसऱ्या रात्री येते. पहिल्या रात्री बेटाचा मालक लॉर्ड समरआइल एका तरुणाला विलोच्या खिडकीखाली आणून सोडतो, त्यामुळे खोलीत एकटा प्रार्थना करणाऱ्या हॉवीची घालमेल हळूहळू वाढत जाते, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा जीव याच चढणीत आहे. मात्र या लांब आवृत्तीतली वाढीव दृश्ये व्हिडिओ टेपवरून घेतलेली असल्याने चित्र मध्येच धूसर होते (मोठ्या पडद्यावर तर फारच खटकते). नवख्याने 2013 ची ‘फायनल कट’ आधी पाहावी: तिच्यात दोन्ही रात्री आहेत, आणि मुख्य भूमीवरच्या पोलीस ठाण्यातली रेंगाळणारी दृश्ये नाहीत.