कोंब तुटतो, तरी यीस्ट फुटत का नाही?

प्रश्न : पावाच्या यीस्टला कोंब फुटतो आणि तो वाढून वेगळी पेशी होते, असे वाचले. कोंब तुटतो त्या जागी भोक पडून पेशी फुटत कशी नाही?
– एक वाचक

उत्तर : नेमक्या धोक्याच्या जागीच आपण बोट ठेवले आहे. यीस्टच्या पेशीतील द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरू पाहते आणि त्यातून निर्माण होणारा दाब नाजूक पेशीपटलाला एकट्याने पेलवत नाही. तो पेलते बाहेरची पेशीभित्तिका, जी मुख्यतः ग्लुकन या शर्करेच्या साखळ्यांनी विणलेली असते. तिला सुईच्या टोकाहून कितीतरी लहान छिद्र पडले, तरी पेशीचा शेवट ओढवू शकतो.

म्हणून पेशी आधी बांधते, मग तोडते. कोंब फुटतानाच त्याच्या मुळाशी कायटिनचे, म्हणजे खेकड्याच्या कवचात असते त्याच द्रव्याचे, कडे तयार होते. केंद्रकाची वाटणी झाली की पेशीपटल त्या मानेत आत ओढले जाते आणि त्याच्याबरोबरच कायटिनचा पातळ पडदा विणला जातो. पुढे त्याच्या दोन्ही अंगांना ग्लुकनप्रधान भिंती चढतात. दोन्ही घरे अशी बंद झाल्यावरच कन्यापेशी कायटिनेज हे विकर सोडून मधला पडदा विरघळवते. मातृपेशीवर त्याचा वण कायमचा राहतो. कॅल्कोफ्लूर व्हाइट हे रंगद्रव्य घालून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर हे वण निळसर कड्यांसारखे चमकतात आणि मातृपेशीने किती पेशींना जन्म दिला ते मोजता येते.

मात्र विरघळवण्याचे हे काम कधी कधी गरजेपेक्षा खोल जाते. अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ एन्रिको काबिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की कायटिन तयार करणारे कायटिन सिंथेज-१ हे विकर नसलेल्या यीस्टच्या कन्यापेशी आम्लधर्मी माध्यमात जन्मवणाच्या, म्हणजे मातृपेशीपासून सुटल्याच्या खुणेच्या, मध्यभागी भोक पडून फुटतात. ही स्थिती दुर्मीळ नव्हे, कारण वाढता वाढता यीस्ट स्वतःच भोवतालचे माध्यम आम्लधर्मी करते आणि कायटिनेज तर आम्लातच जोमाने काम करते. म्हणजे सिंथेज-१ हा मूळ भिंत बांधणारा नसून पडलेली खिंडारे बुजवणारा गवंडी आहे. याचा पडताळा त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो मला फार सुंदर वाटतो : अशा यीस्टमधील कायटिनेजचे जनुकही निकामी केले, तेव्हा पेशी फुटणे थांबले.