डिझेल मुरलेली माती आणि तेल खाणारे जिवाणू

प्रश्न : शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू तयार केला, असं वाचलं होतं. मग समुद्रात तेल सांडलं की तो का सोडत नाहीत?

उत्तर : तो उघड्या समुद्रात कधी सोडलाच गेला नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना चक्रवर्तींनी निरनिराळे हायड्रोकार्बन, म्हणजे तेलातली कार्बन-हायड्रोजनची संयुगं, पचवणारी प्लाझ्मिडं, म्हणजे गुणसूत्राबाहेरची डीएनएची सुटी कडी, स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या एकाच पेशीत आणली. त्यातली कापूर पचवणारं आणि ऑक्टेन पचवणारं ही दोन एकत्र नांदेनात. अतिनील किरणांचा मारा करून ती एकमेकांत जोडावी लागली. १९७२ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा जिवाणू पेटंटला पात्र ठरवला. गाजला तो खटला; तेल तसंच राहिलं.

मुळात तेल पचवणारे जिवाणू समुद्रात आधीच असतात. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा जिवाणू तर जवळपास तेलावरच जगतो. तेलातून त्यांना कार्बन भरपूर मिळतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरसची वानवा असते. म्हणून १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल गळलं तेव्हा किनाऱ्यावर खत टाकलं गेलं आणि तिथल्याच जिवाणूंनी वेग घेतला. बाहेरून आणलेला जिवाणू स्थानिकांच्या गर्दीत सहसा टिकत नाही.

प्रश्न : शेतातल्या टाकीतून साधारण १०० लिटर डिझेल जमिनीत मुरलं. बाजारातली जिवाणूंची पावडर टाकू का?

उत्तर : पावडरीचे पैसे वाचवा, युरिया आणा. आधी साचलेलं डिझेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्या. जवळपास विडी-काडी नको. मग वास येणारी माती खणून विहिरीपासून लांब, जाड ताडपत्रीवर पसरा. कडेने बांध घाला आणि पावसात वरून झाका. माती दोन ब्रास निघाली, तर एक फुटाच्या थराला साधारण चार मीटर बाय पाच मीटर जागा लागेल.

खताचा हिशेब असा. १०० लिटर डिझेल म्हणजे ८४ किलो, त्यात कार्बन सुमारे ७२ किलो. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं प्रमाण १००:१०:१ धरलं तर नायट्रोजन ७ किलो, म्हणजे युरिया १५-१६ किलो. आणि सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो. सुपर फॉस्फेट एकदाच मिसळा. युरिया मात्र चार-चार किलोच्या चार हप्त्यांत, तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. एकदम ओतलात तर मातीतलं पाणी इतकं खारट होतं की जिवाणूच थंडावतात, शिवाय अमोनिया सुटतो. नाकात झणझणलं की समजा, हात सैल पडला.

दर आठवड्याला माती तळापासून पालटा. एक किलो डिझेल पुरतं जिरवायला तीन किलोंहून जास्त ऑक्सिजन लागतो आणि डिझेलची साखळी झपाट्याने फोडायची पहिली पायरीच ऑक्सिजनवाचून होत नाही. काळ्या मातीची ढेकळं फोडा. आत हवा जात नाही. दहा टोपल्या मातीला एक टोपली कुजलेलं शेणखत किंवा भुसा घातला की ती मोकळी राहते. ओल मुठीत पाहा : लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झालंय. झाकण काढून त्याच दिवशी पालटा.

डिझेलचा वास गेला म्हणजे काम झालं, असं नाही. हलका भाग नुसता उडून जातो, जड भाग मागे राहतो. सुरुवातीला आणि नंतर दर सहा आठवड्यांनी पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून काचेच्या बरणीत प्रयोगशाळेत द्या आणि ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ मोजायला सांगा. एक-दोन घमेली माती खत न घालता वेगळी ठेवलीत तर खताने किती फरक पडला तेही कळेल. आपल्याकडच्या उष्ण हवेत तीन-चार महिने धरून चाला.

प्रश्न : गॅरेजमधलं जळकं ऑइल याच पद्धतीने जिरेल का?

उत्तर : नाही. त्यातली जड वलयी संयुगं फार हळू तुटतात, आणि जस्त-शिसं तर कोणताच जिवाणू तोडू शकत नाही. धातू मातीतच राहतात. डबा भरून परवानाधारक रिसायकलरला द्या.