'धनशोधन' लिहावं की 'काळ्याचं पांढरं'?

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका करसल्लागारांकडे काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. बिटकॉइनसारख्या क्रिप्टोत पैसे घातलेल्या ग्राहकांसाठी ते मराठीत माहितीपत्रक करताहेत. मसुद्यात मनी लाँडरिंगला 'धनशोधन' आणि क्रिप्टोकरन्सीला 'कूटचलन' लिहिलं, तर चादरीचा कारखाना असलेले एक ग्राहक म्हणाले, "पैसे हुडकून देणार काय ओ?" मग 'काळा पैसा पांढरा करणे' असं लिहिलं तर चालेल का?

ग्राहकांचं काही चुकलेलं नाही. 'शोधन' म्हणजे शुद्ध करणं. आयुर्वेदात पाऱ्याचं शोधन करतात ते याच अर्थाने. पण रोजच्या मराठीत 'शोध' म्हटलं की हुडकणंच आठवतं. हिंदीत मनी लाँडरिंगविरोधी २००२च्या कायद्याचं नावच 'धन-शोधन निवारण अधिनियम' आहे, आणि तिकडे 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, त्यामुळे त्यांना ते खटकत नाही. आपल्या पत्रकात हा शब्द नको.

'काळ्याचं पांढरं' कळायला सोपं, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. आपण काळा पैसा म्हणतो तो कर चुकवलेला, बिनपावतीचा. या कायद्याला हवा असतो तो गुन्ह्यातून आलेला पैसा: लाच, फसवणूक, खंडणी, अमली पदार्थ असे जे गुन्हे कायद्याच्या अनुसूचीत दिलेत त्यांतला. प्राप्तिकर कायदा त्या अनुसूचीत नाही. चाटी गल्लीत कुणी बिनबिलाचं कापड विकलं, तर ती करचोरी झाली. तेवढ्याने मनी लाँडरिंग होत नाही. उलट, फसवणुकीचा पैसा बँकेतून रीतसर फिरला तरी गुन्ह्याचाच राहतो.

क्रिप्टोत ही गल्लत महागात पडते. १ एप्रिल २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. "एवढा कर भरला, आता सगळं पांढरं," असं लोक बिनदिक्कत म्हणतात. कर भरला म्हणून पैशाचं मूळ बदलत नाही.

ग्राहक पुढे विचारतीलच, की क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्सचेंजला आमचं पॅन आणि फोटो कशाला? बिटकॉइन या वॉलेटातून त्या वॉलेटात कितीही फिरवा, ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, नोंद राहते. पण वॉलेट कुणाचं, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते नाव जोडण्याची जबाबदारी ७ मार्च २०२३च्या अधिसूचनेने एक्सचेंजांवर आली. ग्राहकाची ओळख पटवायची (म्हणजेच केवायसी), नोंदी जपायच्या आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे. तेव्हा केवायसी हा शब्द तसाच ठेवा, त्याला मराठी वेश चढवू नका.

'कूटचलन' तर नकोच. कूटसाक्ष म्हणजे खोटी साक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला 'कूटरूपकारक' म्हटलंय. त्या हिशेबाने कूटचलन म्हणजे बनावट नोटा! शिवाय कायदाही याला चलन मानत नाही. तिथला शब्द 'आभासी डिजिटल मालमत्ता' असा आहे. पत्रकात एकदा तो द्या, पुढे सरळ क्रिप्टो म्हणा.

मी असं लिहीन: 'गुन्ह्यातून आलेला पैसा क्रिप्टोत फिरवून तो सरळमार्गी असल्याचं दाखवणं म्हणजे मनी लाँडरिंग. त्याला किमान ३ वर्षं सक्तमजुरी आहे. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवू देणाराही यात अडकू शकतो.'