रानातली कॉफी, परसातली कॉफी

प्रश्न : इथिओपियात कॉफी जंगलात आपोआप उगवते, असे वाचले. मग तेथील शेतकरी नेमके काय करतात?

उत्तर : नैऋत्येकडील काफा भागातील डोंगरी जंगलांत अरेबिका कॉफी मूळचीच आहे, आणि अगदी दाट रानात पिकलेली लाल फळे तोडण्यापलीकडे शेतकऱ्यांना फारसे काही करावे लागत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र ते झुडपे साफ करतात, दाट सावली विरळ करतात आणि रानातलीच रोपे मोकळ्या जागी लावतात. त्यामुळे उत्पादन वाढते. पण ही साफसफाई वर्षानुवर्षे चालली की मोठ्या वृक्षांची कोवळी रोपेही कापली जातात आणि जंगल हळूहळू बागेसारखे होऊन जाते, याची मला खरी काळजी वाटते.

दक्षिणेकडील गेदेओ प्रदेशात घराभोवतीच्या लहानशा जमिनीत उंच वृक्षांखाली एन्सेट आणि त्याच्या सोबतीने कॉफी लावतात. एन्सेट दिसायला केळीसारखे असले, तरी खातात ते त्याचे फळ नव्हे, तर खोडातला व कंदातला आंबवलेला पिठूळ गर. तो घरच्या पोटासाठी आणि कॉफी रोख पैशासाठी, ही जोडी फार शहाणपणाची आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये या भूप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.