रात्री लावून ठेवलेल्या गोष्टी

रोज तेच ऑफिस, तोच रस्ता, तेच घर. अशा साध्यासुध्या दिवसाला आनंदी करणाऱ्या छोट्या गोष्टी कोणत्या, असं तुम्ही विचारलंय.

चहा, पाऊस, जुनी गाणी हे सगळं मलाही आवडतं. पण मला रोज हमखास सुख देतं ते रात्री लावून ठेवलेलं आणि सकाळी आपलं आपण झालेलं काहीतरी. विरजण, मोड यायला बांधलेली मटकी, आंबायला ठेवलेलं पीठ. उठल्या उठल्या झाकण काढून बघायला घरात काही असलं की तो दिवस मला रिकामा वाटत नाही.

आमच्याकडे दही लावायचं काम माझं. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की दूध कोमट करायचं, करंगळी बुडवली तर सोसेल इतपतच. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण भांड्याला आतून फासायचं, वरून दूध ओतायचं, झाकायचं आणि मग त्या भांड्याला अजिबात हात लावायचा नाही. उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागतं, म्हणून तेव्हा अगदी झोपायच्या आधी विरजतो, नाहीतर सकाळपर्यंत आंबट होतं. आम्ही नाशिकचे. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो. त्या दिवसांत भांडं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावं लागतं. सकाळी भांडं जरासं तिरकं करून बघायचं. दही हललं नाही, चमचा घातल्यावर कवडी पडली, की मी आईला आधी वाटी नेऊन दाखवतो. ती म्हणते, "छान लागलंय हो." एवढंच. पण ते ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

आणि हे विरजण तरी एकट्या आमचं कुठे आहे? गावाहून परतलो की घरात दही नसतं, मग वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचं. त्या लेकीकडे राहून आल्या की आमच्याकडे येतात. आमच्या मजल्यावरचं सगळं दही अशा रीतीने एकाच कुळातलं झालंय. त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दूध थिजतं. मी झोपलेला असताना हे सगळं चालू असतं, याचा मला फार आधार वाटतो.

मी हिशेबाचं काम करतो. दिवसभर मान मोडून जे होतं, ते संध्याकाळी घरी कुणाला दाखवता येत नाही. मटकी दाखवता येते. सकाळी निघताना भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या पंचात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी गाठ कुणी सोडायची यावरून माझं आणि लेकीचं रोजचं भांडण. पुरचुंडी हाताला किंचित गरम लागते. कापडाच्या विणीतून मोडांची पांढरी टोकं बाहेर आलेली असतात, ती न मोडता सोडवायला सावकाश हात चालवावा लागतो. भिजूनही दगडासारखे राहिलेले गणंग लेक एकेक करून वेचते. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं, ते चांगलंच आहे. मला मात्र अप्रूप वाटतं ते कित्येक महिने डब्यात कोरडा पडलेला दाणा एका रात्रीत जिवंत झाल्याचं. मग त्याचीच उसळ, गोडा मसाला आणि गुळाचा खडा घालून. ती डब्यात असली की सकाळी अकरापासूनच माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं.

रविवारी लोणी कढवायचं असतं. आठवडाभराची साय शनिवारी रात्री विरजून ठेवलेली असते. लोण्यातलं पाणी उडेपर्यंत पातेलं तडतडत राहतं. आवाज मंदावला की आई स्वयंपाकघराबाहेरूनच सांगते, "गॅस बारीक कर." पातेल्यात डोकावायची तिला गरजच पडत नाही. तूप गाळून झालं की तळाशी राहिलेल्या खरपूस बेरीत साखर घालून चमच्याने खरवडून खायची. बेरीची वाटणी आमच्याकडे काटेकोर होते.

गॅलरीत मोगऱ्याची एक कुंडीही आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी कळ्या टपोऱ्या दिसल्या की रात्री उमलणार हे नक्की.

तुम्ही दह्यापासूनच सुरुवात करा. शेजारी विरजण मागा. तेवढ्याने ओळखही वाढते. फक्त दिवेलागणीनंतर दही देऊ नये असं मानणारी माणसं आहेत, तेव्हा जरा उजेड असतानाच जा. कुणाकडेच नाही मिळालं तर कोमट दुधात दोन-तीन हिरव्या मिरच्या देठासकट टाकून रात्रभर झाकून ठेवा. पहिल्या खेपेचं दही पातळ होईल, ते खायला घेऊ नका. त्यातलं चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा, ते नीट लागेल.