तो रस्ता अजून डांबरी का नाही केला?

प्रश्न: पॅरिस-रूबे सायकल रेस पहिल्यांदाच बघितली. फ्रान्ससारख्या देशात एवढे दगडाचे रस्ते, पोरं पडतायत, चाकं पंक्चर होतायत, मग डांबर का नाही टाकत? आणि जाड टायर का नाही लावत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डांबर टाकायला निघालेच होते हो, त्यातनंच ही रेस वाचलीय. १८९६ पासूनची रेस, तेव्हा तिकडे रस्ते असेच असायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते भराभर डांबरी व्हायला लागले, टीव्हीवर आपल्या गावचा खडबडीत रस्ता दिसला की तिथल्या मेयर लोकांना कमीपणा वाटायचा. मग आयोजक उरलेसुरले दगडी रस्ते शोधत फिरायला लागले, तेव्हा झाँ स्ताब्लिन्स्की या सायकलपटूने त्यांना आरेनबेर्गच्या जंगलातला रस्ता सांगितला. हा १९६२ चा वर्ल्ड चॅम्पियन, आणि पोरवयात त्याच भागातल्या कोळशाच्या खाणीत राबलेला! १९६८ मधे तो सव्वादोन किलोमीटरचा सरळसोट पट्टा पहिल्यांदा रेसमधे आला आणि आजही सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते.

आता एकूण साधारण २६० किलोमीटरमधले ५५ च्या आसपास दगडी आहेत, आणि ते आपोआप टिकलेले नाहीत बरं का. पॅरिस-रूबेचे मित्र म्हणून स्वयंसेवकांची संघटना आहे, ही माणसं खचलेले दगड उपटतात, खालची माती सारखी करतात, परत एकेक दगड ठोकून बसवतात. जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून असाच एक दगड मिळतो. मला तर वाटतं रेसचं अर्धं श्रेय या लोकांचं आहे.

टायर पूर्वीपेक्षा जाड झालेत, आता ३० ते ३२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि हवा मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे दगडावर चाक उडत नाही. पण हवा फारच कमी झाली की रिम थेट दगडाच्या कडेवर आपटते, म्हणून पंक्चर होतातच, आणि टीमची माणसं हातात चाकं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात.

प्रश्न: बायकांची पण होते का ही रेस? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हो, पण सुरू व्हायला २०२१ उजाडलं, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या रेसनंतर तब्बल १२५ वर्षं! ऑक्टोबर महिना, दगडांवर चिखल, आणि ब्रिटनची लिझी डाइग्नन पहिल्याच दगडी पट्ट्यावर पुढे निघाली ती ८० किलोमीटरच्या वर एकटीच. हातात ग्लोव्हज नव्हते, तळहात सोलवटले होते, रेस जिथे संपते त्या रूबेच्या वेलोड्रोममधे, म्हणजे सायकलच्या ट्रॅकवर, आली तेव्हा हँडलच्या टेपवर रक्ताचे डाग दिसत होते. बक्षीस १,५३५ युरो, दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या विजेत्याला ३०,०००. दगड तेच, चिखल तोच, मग हा फरक का? मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.