जेवण खाल्लं, जेवण केलं, की जेवलो?

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नणंद मुलांना घेऊन इंदूरहून माहेरी आली. रात्री उशिरा पोचलेल्या नातवाला आजीने विचारलं, "जेवलास का रे?" नऊ वर्षांचा नातू म्हणाला, "हो आजी, मी गाडीत जेवण खाल्लं." आजी म्हणाली, "जेवण खात नाहीत बाळा, जेवतात." त्यावर त्याने विचारलं, "पोळी खाल्ली चालतं, भात खाल्ला चालतं, मग जेवण खाल्लं का नाही चालत?" घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही. भगिनींची स्वतःची एक शंका आहे. त्यांच्या कोकणातल्या जाऊबाई 'जेवण करते' म्हणतात तेव्हा त्या स्वयंपाक करत असतात, आणि विदर्भातले व्याही 'जेवण केलं का?' असं विचारतात तेव्हा त्यांना 'जेवलात का?' असं म्हणायचं असतं. यातलं बरोबर काय?

मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. त्याला 'असं म्हणत नाहीत' एवढंच उत्तर देऊन गप्प बसवू नये. आधी त्याचंच बघू.

मराठीत खाणं आणि जेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक किती खाल्लं याचा नाही. दुपारी चारला कुणाकडे गेलो, बशीभर पोहे झाले, वर लाडू झाला, चिवडा झाला, पोट तुडुंब भरलं. घरी आल्यावर आई विचारते, "जेवलास का?" आपण म्हणतो, "नाही, जेवलो नाही, पण खूप खाल्लंय." उलट आजारातून उठलेला माणूस वाटीभर मऊ भात आणि मेतकूट घेतो आणि घरातली माणसं आनंदाने एकमेकांना सांगतात, "आज जेवला हो!" भात वाटीभरच होता, पण तो पानावर बसला, त्याला वाढलं, तो जेवला. खाल्लेल्या पदार्थांची बेरीज केली तरी जेवण होत नाही. वेळ, बैठक आणि वाढणारा हात (मग तो स्वतःचाच का असेना) हे सगळं जेवणात येतं. म्हणूनच 'चार घास जेवून जा' असा आग्रह होतो, पण 'दोन पोळ्या जेवलो' म्हटलं की कानाला अडखळायला होतं. मोजायच्या वस्तू खाण्याच्या खात्यात जातात. 'चार घास' दिसायला मोजलेले असले, तरी ते मोजून कुणी वाढत नाही. तो आग्रह करणाऱ्याचा विनय आहे.

आता 'जेवण' हा शब्द. तो मुळात क्रियेचं नाव आहे: वळणे-वळण, दळणे-दळण, तसं जेवणे-जेवण. 'जेवताना बोलू नये' किंवा 'जेवणात बोलू नये', दोन्ही एकच. पण आपल्या भाषेला एक सुंदर सवय आहे. क्रियेचं नाव ती हळूच त्या क्रियेत लागणाऱ्या वस्तूला देते. दळण म्हणजे दळणं, पण 'दळण टाकून ये' म्हटलं की ते डब्यातले गहू असतात. धुणं म्हणजे धुण्याचं काम, पण 'धुणं वाळत घाल' म्हटलं की ते ओले कपडे. तसंच जेवण. 'जेवण गार होतंय' म्हणताना गार होतात ते वरण आणि भात. तेव्हा मुलाचा तर्क पोकळ नाही. जेवण ही वस्तूही आहे, मग ती खाता का येऊ नये?

याचं उत्तर असं की वस्तूचा अर्थ आला तरी शब्दाने आपली क्रिया सोडलेली नाही. धुणं आपण धुतो, दळण दळतो, गाणं गातो, आणि जेवण जेवतो. नामाची जोडी त्याच्या मूळ धातूशीच जमते. हिंदीतलं 'खाना खाया' हेही याच न्यायाने बरोबर आहे, कारण तिथे 'खाना' हे नाम आणि 'खाना' हे क्रियापद एकाच मुळाचे. इंदूरच्या मुलाने हिंदीतली ती जुळलेली जोडी मराठीत आणताना एक पाय बदलला आणि दुसरा तसाच ठेवला. एवढंच झालं.

'जेवण जेवलो' यात पुनरुक्ती आहे असं कुणी म्हणेल. नुसतं म्हटलं तर आहे. विशेषण लागलं की मात्र ती जाते आणि वाक्य छान उभं राहतं: 'किती दिवसांनी घरचं जेवण जेवलो!' वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलीच्या तोंडचं हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही क्रियापदाने इतकं भरून येणार नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. 'मी पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद कुणामागे जातं? पोळीमागे. पोळी खाल्ली, भात खाल्ला, पोहे खाल्ले. खाणारा कुणीही असो, खाल्लेल्या वस्तूप्रमाणे रूप बदलतं. आता 'जेवणे' घ्या. मी जेवलो, ती जेवली, मुलं जेवली, तुम्ही जेवलात. आज काय जेवलास? वरणभात जेवलो. वरणभात वाक्यात येऊनही क्रियापद त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, ते जेवणाऱ्या माणसापाशीच राहतं. 'त्याने जेवलं' असं हल्ली कधीमधी कानावर येतं, आणि मला ते खटकतं, कारण त्यात माणसाला 'ने' लावून बाजूला बसवलेलं असतं.

असं वागणारे धातू मोजके आहेत आणि त्यांची बिरादरी बघण्यासारखी आहे. तिने झगा घातला, पण ती साडी नेसली. त्याने पुस्तक वाचलं, पण तो धडा शिकला. त्याने पत्ता लिहिला, पण तो पत्ता विसरला. मी सरबत ढवळलं, पण मी सरबत प्यायलो. (पिण्याच्या बाबतीत मराठी डळमळीत आहे. 'पाणी पिलं' असंही लाखो लोक म्हणतात आणि मी त्यांच्याशी भांडायला जाणार नाही.) नेसणे, शिकणे, पिणे, जेवणे: या सगळ्यांत वस्तू येऊन करणाऱ्याच्या अंगाला लागते, त्याच्यात मुरते. कृतीचा परिणाम करणाऱ्यावरच होतो, आणि क्रियापदही त्यालाच धरून राहतं.

इथे कुणी म्हणेल, मग खाणं कुठे अंगाला लागत नाही? हरकत रास्त आहे. अर्थावरून केलेली ही मांडणी सगळ्या धातूंना पुरत नाही, आणि खाणे हा तिचा ठळक अपवाद आहे. पण हा अपवाद आजचा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे (१.४.५२). जाणे, समजणे, भोजन करणे अशा अर्थाचे धातू आणि अकर्मक धातू, यांच्यापासून 'करवून घेणे' अर्थाचं रूप केलं, की मूळचा कर्ता त्या वाक्यात कर्म होतो. म्हणजे मुलाला जेवू घालायचं तर 'बटुं भोजयति', मुलगा द्वितीयेत. भोजनाचे धातू पाणिनीने अकर्मकांच्या पंगतीला बसवले ते असे. आणि याच सूत्रावरचं वार्तिक (सूत्राला जोडलेली पुरवणी) काय सांगतं? 'अद्' आणि 'खाद्' या दोन धातूंना हा नियम नाही. तिथे मुलगा तृतीयेतच राहतो, 'बटुना खादयति'. आणि 'खाद्' म्हणजे आपल्या 'खाणे'चा पूर्वज! संस्कृतातला नियम प्रयोजक रूपांचा आहे आणि मराठीतला भूतकाळाचा. एकातून दुसरा निघाला असं मी म्हणत नाही. पण भोजनार्थी धातूंचा एक गट करावा आणि त्यातून नेमकं 'खाणं' बाहेर काढावं, हे तिथेही झालं आणि इथेही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

जेवणे हा शब्दही घरातलाच जुना. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात भोजनाच्या प्रतिशब्दांत 'जेमन' आहे. ग्रामचा गाव झाला, नामचं नाव झालं, तसं जेमनचं जेवण. गुजरातीने म टिकवला, ते 'जमवुं' म्हणतात. राजस्थानात 'जीमणो' आहे, आणि कोकणीत तर आपल्यासारखंच 'जेवण'. तुकोबांची 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' ही ओळ आपण म्हण म्हणून वापरतो आणि तिचा उत्तरार्ध विसरतो: जेवून तृप्त कोण झाला? तिथे तृप्तीशेजारी जेवणंच येतं, खाणं नाही.

आता जाऊबाई आणि व्याही. दोघंही बरोबर आहेत. 'जेवण' शब्दात क्रिया आणि वस्तू दोन्ही राहतात हे वर पाहिलंच. विदर्भातल्या व्याह्यांनी क्रिया उचलली: जेवण करणे म्हणजे जेवणे, जसं स्नान करणे म्हणजे न्हाणे. कोकणातल्या जाऊबाईंनी वस्तू उचलली: जेवण करणे म्हणजे जेवण तयार करणे. एकाच शब्दाच्या दोन बाजू दोन प्रदेशांनी घेतल्या. एकाच घरात दोन्ही प्रदेशांतल्या सुना नांदत असतील तर 'जेवण केलं का?' या प्रश्नाला एक म्हणेल 'हो, पोटभर' आणि दुसरी म्हणेल 'अजून आमटी व्हायचीय'. घोटाळा नको असेल तिथे 'स्वयंपाक झाला का?' आणि 'जेवलात का?' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. 'जेवण झालं का?' हा मधला मार्ग आहे आणि तो सगळीकडे चालतो. मला न पटणारं एकच रूप आहे, 'जेवण घेतलं'. लग्नाच्या निमंत्रणात 'भोजनाचा आस्वाद घ्यावा' ठीक आहे, पण घरात जेवण कुणी घेत नाही. घरात वाढून घेतात.

वाढण्यावरून आठवलं. दुसऱ्याच्या पोटात अन्न जावं म्हणून मराठीत किती क्रियापदं आहेत! बाळाला भरवतात, तान्ह्याला पाजतात, गुरांना चारतात, पाहुण्यांना वाढतात, भुकेल्याला जेवू घालतात. 'चारणं' माणसालाही लागतं, पण तेव्हा त्याला वेगळा वास येतो: पैसे चारले. 'घास भरवणं' मात्र वाईट अर्थाने येत नाही. मोठ्या माणसाला भरवलं तर ते आजारपण असतं, नाहीतर प्रेम.

आणि एक रूप, जे मी एकदाच फार जवळून ऐकलं. काका गेले त्याच्या चौथ्या दिवशी मावशीने काकूसमोर ताट ठेवलं. मऊ भात, त्यावर साधं वरण, कडेला लिंबाची फोड. काकूने भात कालवला, बराच वेळ कालवत राहिली. मावशी म्हणाली, "खा गं थोडं." काकू म्हणाली, "खाल्ले दोन घास. पण जेववत नाही." खाणं तिला जमलं होतं, दोन घास पोटात गेले होते. जे जमत नव्हतं त्यासाठी तिच्या भाषेत वेगळा धातू तयार होता, आणि तो तिला शोधावा लागला नाही.

भाच्याला पाणिनी सांगायची घाई नको. त्याला एवढं विचारा: धुणं काय करतात? धुतात. गाणं? गातात. मग जेवण? तो स्वतःच सांगेल. आणि पुढच्या सुट्टीत आला की आजीला पुन्हा तोच प्रश्न विचारायला सांगा.